कात्रज, भोर, सासवड: फियाटच्या चालीने

पुण्याहून भोरला जायला नवा बोगदा आहे, रुंद महामार्ग आहे. आम्ही जुन्या कात्रज घाटाने गेलो. वडिलांची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी घेऊन निघालं की घाईचे रस्ते आपोआप गळतात. ताशी 50 च्या आसपास तिचं इंजिन सुरात चालतं. त्या वेगाला रस्त्याकडेचं सगळं दिसतं: कुठल्या झाडाखाली उसाचं गुऱ्हाळ लागलंय, कुठल्या पत्र्याच्या शेडपुढे जुनी दारं टेकवून ठेवली आहेत. आणि आम्हाला तेच बघायचं होतं. सोबत आत्या होती. वय झालं तरी तांब्या-पितळेचं भांडं नुसतं हातात घेऊन त्याची जात सांगणारी बाई.

गाडीबद्दल थोडं सांगायलाच हवं. फियाटचं 1100 हे मॉडेल कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायचं. त्याचंच 1972 मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि 1974 पासून पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम 40 अश्वशक्ती, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढचं सीट सलग. खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यातली तिकोनी काच जराशी तिरकी केली की वारा थेट अंगावर येतो, एसीची आठवणही होत नाही. सकाळी चोक, म्हणजे थंड इंजिनाला जरा जास्त पेट्रोल देणारी खुंटी, ओढून गाडी सुरू करायची, मिनिटभर गरम होऊ द्यायची, मग चोक हळूहळू आत ढकलायचा. मुंबईतली या जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

अशी गाडी चालती ठेवायची तर मेहनत पडते. तिला अजून 50 वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे 2021 च्या नियमांतली ‘व्हिंटेज’ नोंदणी तिला लागू होत नाही. दर 5 वर्षांनी फिटनेस, पर्यावरण कर आणि नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्राम बदलून घेतलाय. चढावर पंप तापला की पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते. म्हणून कात्रजच्या जुन्या बोगद्याआधी थांबून पंपावर ओलं फडकं ठेवायचं, ही वडिलांची रीत मी सोडलेली नाही. तेवढ्यात आत्याने थर्मासमधला चहा ओतला. खाली कात्रजच्या इमारती डोंगराला भिडलेल्या दिसत होत्या. उतार दुसऱ्या गिअरवर उतरलो. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, सारखे दाबले तर तापून त्यांची पकड जाते. मागे हॉर्न वाजत होते. डाव्या अंगाला घेऊन सगळ्यांना पुढे जाऊ दिलं.

शिंदेवाडी, खेड शिवापूर मागे पडलं. पुढे एका वळणाजवळ पत्र्याच्या शेडपुढे टेकवलेली जुनी दारं दिसली आणि आम्ही थांबलो.

शेड मोठी होती. पेठांमधले आणि तालुक्याच्या गावांतले वाडे पडतात, तेव्हा त्यांचं लाकूड अशा ठिकाणी येतं: सागवानी तुळया, सुरूच्या घाटाचे नक्षीदार खांब, मधोमध गणपती कोरलेल्या चौकटी, तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या फळ्या. एका कोपऱ्यात झोपाळ्याच्या पितळी कड्या ढिगाने पडल्या होत्या. किती घरांतले किती झोपाळे सुटले असतील याचा अंदाज त्या ढिगावरून येत होता. आत्या एका दाराशी थबकली. त्याला बिजागऱ्या नव्हत्या. फळीच्याच वरच्या-खालच्या टोकांवर ते चौकटीत फिरायचं. कडीखाली लाकडाला अर्धवर्तुळाकार घासा पडला होता, कडी वर्षानुवर्षं आपटून पडलेला. “हे खरं,” ती म्हणाली. शेजारी तसंच दुसरं दार होतं, पण नक्षी सगळीकडे सारखीच खोल, कडेला फुलीच्या खाचेचे स्क्रू आणि काळपट रंग ज्या खाचांत हातच पोहोचत नाही तिथेही एकसारखा लागलेला. ते नवं लाकूड होतं, म्हातारं केलेलं. तिथेच चकचकीत पितळी कर्णा बसवलेले ग्रामोफोन ओळीने मांडले होते. असले बहुतेक हल्लीच जुळवलेले असतात. मोटर जुनी, पेटी नवी, कर्णा नवा, वर कंपनीची पट्टी.

नजर तयार करायची असेल तर खरेदीआधी बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात निवांत फिरून यावं. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास जमवायला सुरुवात केली, गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि 1962 मध्ये ते सरकारला देऊन टाकलं. तिथले अडकित्ते आणि दिवे नीट पाहिले की माणसाचा हात लागलेली झीज आणि आम्लाने आणलेला काळेपणा यांतला फरक बोटांना कळू लागतो.

त्या शेडच्या मागच्या बाजूला गवतात एक दगड आडवा पडला होता. लढणारा वीर, त्यावर स्वर्गात जाणारा वीर, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. वीरगळ. मालक म्हणाला, “बागेत लावा ताई, शोभून दिसेल.” मी त्याला स्पष्ट सांगितलं की हे विकायचंही नसतं आणि घ्यायचंही नसतं. 1972 च्या कायद्याने 100 वर्षांहून जुनं शिल्प पुरावशेष ठरतं. त्याच्या विक्रीला परवाना लागतो, शिल्पाची नोंदणी लागते आणि देशाबाहेर तर ते नेताच येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी वीरगळ गावाचा असतो. कुणीतरी गावासाठी, गाई-गुरांसाठी लढता लढता मेला, म्हणून गावाने तो दगड उभा केला. तो वेशीवरून उचलला की गावाच्या आठवणीतला तो माणूस दुसऱ्यांदा मरतो. मालक गप्प झाला. तिथून आम्ही काही न घेता निघालो.

कापूरहोळला महामार्ग सोडला आणि भोरच्या रस्त्याला लागलो. इथे फियाट खऱ्या अर्थाने खुलते. दोन्ही बाजूंना झाडं, मागे सह्याद्री, मधेच बैलगाडी. भोर म्हणजे पूर्वीचं पंतसचिव घराण्याचं संस्थान. त्यांचा 1869 मधला राजवाडा गावात आजही उभा आहे. आम्ही तो बाहेरूनच पाहिला आणि बाजारपेठेत शिरलो, कारण माझ्या मते जुन्या वस्तूंची सगळ्यात चांगली दुकानं ‘अँटिक’ अशी पाटी लावतच नाहीत. ती साधी भांड्यांची दुकानं असतात. लोक घरातलं जुनं तांबं-पितळ मोडीत देतात आणि बदल्यात स्टील घेतात. ती मोड दुकानाच्या मागच्या खोलीत साठते आणि पुरेशी झाली की भट्टीला जाते.

दुकानदार तरुण होता. आत्याने विचारलं, “बाळा, मोड बघू का रे जरा?” त्याने हसून दिवा लावला. आत पोतीच्या पोती. वाकलेल्या समया, बूड गेलेली घंगाळं, पानाचे डबे, ठोके पडलेले तांबे, देवघरातली लहानशी घंटा. आत्या जमिनीवर बसून एकेक भांडं उलटं करून बघत होती. मग तिला मापं सापडली. एकात एक बसणारी, काठावर तपासणीचे शिक्के असलेली. तिने ती ओळीने मांडली आणि लहानपणी पाठ केलेलं धडाधड म्हणून दाखवलं: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, सोळा पायल्या मण, वीस मण खंडी. तो मुलगा ऐकतच राहिला. 1956 च्या कायद्यानंतर किलो-लिटर आले आणि ही मापं बाजारातून गेली, पण आत्याच्या माहेरी तांदूळ पुढेही बरीच वर्षं मापट्यानेच मोजले जात.

“आजी, हे सगळं परवा गाडीत भरायचंय,” तो म्हणाला. भाव साधा होता, किलोवर. त्याला पितळेचं वजन विकायचं होतं, आम्हाला मापं हवी होती. आम्ही मोडीच्या भावापेक्षा थोडं जास्तच दिलं, कारण शहरातल्या दुकानात हीच मापं काचेमागे जाऊन बसली असती आणि किंमत सांगताना विक्रेत्याने आधी आमच्या चपला पाहिल्या असत्या. पुढे अशी भांडी आली तर भट्टीला देण्याआधी फोन कर, असंही त्याला सांगून ठेवलं. जुनी वस्तू वाचवण्याची खरी जागा ही मागची खोली आहे. लिलावात पोहोचते तिला वाचवायला पुष्कळ लोक असतात.

मोडीच्या तळाशी पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. तोटी गायब, मधली नळी शाबूत, अंगावर मठारकामाचे, म्हणजे हातोडीने घडवल्याचे बारीक ठोके. जोडाजवळ दातांत दात अडकवल्यासारखी नागमोडी रेघ दिसत होती. पत्रा हाताने कापून, गुंतवून, झाळून केलेला जोड. तोही घेतला. डिकीत मावेना, मग मागच्या सीटवर चादर गुंडाळून बसवला.

परतीला कापूरहोळवरून नारायणपूर, सासवड असा रस्ता धरला. पुरंदर किल्ला डोक्यावर घेऊन हा रस्ता जातो. सासवडजवळ पाट्यांत अंजीर मांडून बसलेल्या बायका भेटल्या. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याची साल इतकी नाजूक की ते लांबच्या बाजारात धड पोहोचत नाही, इथेच उभं राहून खावं. दिवे घाट उतरताना मस्तानी तलाव दिसला आणि मग हडपसरची गर्दी सुरू झाली.

बंब दुसऱ्या दिवशी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेला. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. दुपारीही ठोक्यांचा आवाज घुमत असतो. तिथल्या काकांनी बंब उलटा केला, जोडावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हा आता कुणी करून देणार नाही. तोटी बसवतो, नळीला आतून झाळाचा एक डाग देतो. शोभेला ठेवायचाय की पाणी तापवायचंय?” पाणी तापवायचंय म्हटल्यावर त्यांनी खालची जाळीही बदलून जाड बसवली. आता आत्याकडे अंगणात तो पेटतो. मापटं तिच्या तांदळाच्या डब्यात आहे, पायलीत ती गहू मोजते, आणि चिपटं मी मागून घेतलंय, डाळीसाठी.