मुंबईत आलेला हिमदंश

परळच्या आमच्या वॉर्डात काळी पडलेली बोटं नवी नाहीत. मधुमेहाची येतात, तंबाखूने आखडलेल्या रक्तवाहिन्यांची येतात. बर्फाने काळी झालेली मात्र मुंबईत सहसा कोण बघणार? जानेवारीत आलेला तो डोंबिवलीचा मुलगा म्हणूनच अजून डोक्यातून जात नाही.

मनालीजवळ सोलंगच्या वरच्या पटालसू शिखरावर तो एकटाच स्नोशू बांधून चढला होता. सह्याद्रीत एकट्याने भटकायची सवय, दम भरपूर. स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद चौकट. वजन पसरतं, पाय मांडीपर्यंत रुतत नाही, खालचे दात कडक बर्फ धरतात. पण ती बुटाला आवळतात चवड्यावरून जाणारे पट्टे. थंडी म्हणून त्याने मोज्यांच्या दोन जोड्या घातल्या, बूट आतून घट्ट झाला. चढावर पाय सरकतो म्हणून पट्टा आणखी ओढला. घामाने मोजे भिजले. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली, आणि त्याला वाटलं, बरं झालं. सोबत कोणी असतं तर हे ऐकून त्याला तिथेच बसवलं असतं, पट्टा सोडून बोटं पूर्ण गोठायच्या आधीच स्वतःच्या पोटाशी धरली असती.

गोठलेल्या पायाने तो चालत खाली आला, ते बरोबरच केलं. वाटेत ऊब मिळून पाय पुन्हा गोठला असता तर चवडाच गेला असता. घात झाला खोलीत. यजमानांनी मायेने तंदूरजवळ, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीजवळ बसवलं, कोणी मोहरीचं तेल चोळलं. बधिर कातडीला चटका कळत नाही. भाजल्याचे फोड कुठले आणि हिमदंशाचे कुठले, हे मी बोट ठेवून दाखवू शकत होते. खरं तर हवं होतं 37 ते 39 अंशांचं पाणी, अर्धा तास, आणि वेदनाशामक, कारण रक्त परतताना माणूस कळवळतो. रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्या विरघळवायचं औषध द्यायचं तर पायाला ऊब मिळाल्यापासून 24 तासांच्या आत. तो आमच्याकडे पोचला चौथ्या दिवशी.

मधे उपनगरातल्या एका रुग्णालयात चवडा कापायचं ठरलंही होतं. मला याचा राग येतो, पण ते का झालं हेही कळतं. आम्हा सगळ्यांचे हात मधुमेही पायांवर तयार झालेत. तिथे पू वर चढतो, उशीर केला तर जीव जातो. हिमदंशातला कोरडा काळेपणा तसा चढत नाही. काळ्या टरफलाखाली किती मांस जिवंत आहे, ते आठवडे-महिने थांबल्यावरच दिसतं. जानेवारीत गोठलेलं जुलैत कापावं, असं शल्यचिकित्सकांत जुनं म्हणणं आहे. संसर्ग झाला तरच घाई.

वडील हे ऐकायला तयार नव्हते. "डॉक्टर, माझ्या भावाचा पाय असाच चढत चढत गुडघ्यापर्यंत गेला. तुम्ही नुसतं बघत बसणार?"

"काका, त्यात पू होता, यात नाही. ड्रेसिंग सुटेल तेव्हा मी स्वतः हजर असेन."

बोन स्कॅनमध्ये चवड्याला रक्त पोचत होतं, टोकांनाच नव्हतं. मग कोरफडीचं मलम, बोटांच्या मधे कापूस, पाय उंच, सिगारेट बंद. रक्ताळलेले फोड फोडायचे नाहीत. आमच्या ड्रेसिंगच्या सिस्टरांनी हे ज्या चिकाटीने केलं, ते आम्हा डॉक्टरांपैकी एकालाही जमलं नसतं.

जूनअखेर डाव्या पायाच्या दोन बोटांची टोकं काढली. चवडा शाबूत आहे.

एक गोष्ट सुटत नाही. दाखल झाला त्या दिवशी डाव्या पायावरच्या जांभळेपणाची कड आडवी, सरळ होती. थंडी अशी सरळ रेघ मारत नाही. मला पट्ट्याचा संशय आहे. पुढच्या हिवाळ्यात जाऊ का, असं त्याने परवा विचारलं. एकदा गोठलेला पाय पुन्हा लवकर गोठतो, यंदा नाही, असं मी बजावलं. आणि पुढच्या तपासणीला तो बूट आणि स्नोशू घेऊन यायला सांगितलंय. पट्टा नेमका कुठे बसतो, ते पायावर लावून बघायचं आहे.