धारवाल्याने माझ्या कोयत्याचं पाणी उतरवलं

धार लावणाऱ्याला आधी एकच विचारा: चाकावर पाणी सोडता का? उत्तर गुळमुळीत आलं तर कोयता घेऊन तसेच माघारी फिरा.

माझा कोयता आमच्या चोपडा तालुक्यातल्या लोहारआबांनी ट्रकच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) जुन्या पाट्यातून घडवलेला. केळीचे घड उतरवायला, बुंध्याशी फुटलेली पिलं कापायला मला तोच लागतो. ऐन कापणीत आबा लग्नाला बाहेरगावी गेलेले, म्हणून बाजारातल्या एका धारवाल्याकडे दिला. ‘संध्याकाळी न्या.’ संध्याकाळी लाइट नव्हती. सकाळी गेलो तर कारागीर आला नव्हता. मग पुन्हा ‘उद्या’. आणि कोयता मी ठेवला तिथेच, गोणपाटावर, हात न लावलेला! इकडे व्यापाऱ्याची गाडी ठरलेली, मजूर सांगून ठेवलेले. शेवटी दुकानात ठाण मांडलं, तेव्हा त्याने कोरड्या चाकावर पातं दाबून धरलं, ठिणग्या उडवल्या आणि लगेच हातात दिलं. धारेलगत निळी पट्टी उमटलेली. विचारलं तर म्हणे, ‘डाग आहे, पुसला की जातो. पैसे द्या.’

तो डाग नव्हता. पोलाद 300 अंशांच्या आसपास तापलं की असा निळा रंग चढतो आणि तेवढा भाग मऊ पडतो. रंग घासून निघतो, मऊपणा तसाच राहतो. थोडे घड उतरवले नाहीत तोच धार मुडपली. अजूनही तो बाजार ओलांडताना माझं डोकं तापतं.

आबा आल्यावर त्यांनी धारेवर कानस फिरवली. कडक पोलादावरून ती घसरते, इथे खसाखस चावत होती. ‘पानी उतरी गय, भाऊ.’ पाणी म्हणजे पोलादाचा कडकपणा. मग पातं भट्टीत लाल केलं, चुंबक चिकटेनासं झाल्यावर तेलात बुडवलं. नंतर घासून उजळ केलं आणि फिकट पिवळी झाक येईपर्यंत मंद आचेवर पुन्हा तापवलं. हे दुसरं तापवणं गाळलं तर धारेचे टवके उडतात. आता कानस पुन्हा घसरते, आणि ते बघून मला जो आनंद झाला तो काय सांगू!

आता धार मी घरीच लावतो. कुरुंदाचा दगड, भरपूर पाणी, कोन शेवटपर्यंत एकच. पलीकडच्या कडेला बोटाला खरखर लागली की बाजू बदलायची. बोट धारेवरून आडवं बाहेर न्या, धारेच्या लांबीने कधीच नाही.

केळीचा चीक मात्र रानातच धुवा, वाळू देऊ नका. कोरडं पुसून खोबरेलाचा हात फिरवा. करडईचं तेल काही दिवसांनी चिकट होतं. पात्यावरची करडी-काळपट झाक घासून काढू नका, तिच्यामुळे गंज कमी धरतो. लाल गंज दिसला तर त्याच दिवशी बारीक पॉलिश पेपर मारा. चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नका, आत ओल धरते. आणि हो, मूठ लाकडी असेल तर कोयता बादलीत भिजत टाकू नका. माझी बाभळीची आहे, तिला अधूनमधून जवसाचं तेल चोळून जिरू देतो.