वारसाची दुनळी आणि अडीच इंचाचं चेंबर

आजोबा गेले तशी आमची बाराबोअरची दुनळी (दोन नळ्यांची छर्ऱ्यांची बंदूक) पोलीस ठाण्यात जमा केली. जावळीतल्या भातशेतीच्या राखणीसाठी घेतलेली. वारसाच्या नावाने परवाना मिळतो, २०१६च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. ऑनलाइन अर्ज, चुलत्यांची आणि आत्यांची ना-हरकत, पोलीस चौकशी, बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला... साताऱ्याच्या कलेक्टर ऑफिसात फाइल फिरत राहिली आणि शेवटी परवाना हातात आला. त्यावर फार लिहीत नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद लावलेल्या माणसाला हे सगळं पाठ असतं.

एवढ्या कागदांत बंदुकीचं बोअर आणि नंबर विचारला गेला. चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा, किती लांब, हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते काडतुसांच्या दुकानातल्या मिस्त्रीने. "आधी नळ्या बघू दादा," म्हणाला. पुढचं लाकूड काढून नळ्या उतरवल्या, बुडाच्या चपट्या भागावरचा मळ चिंधीने पुसला. खाली इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या दाबतपासणीचे ठसे, हिऱ्याच्या आकारात १२ आणि सी, शेजारी अडीच इंचाचा शिक्का. काडतुसांच्या भाषेत ६५ मिलिमीटर. आताची काडतुसं बहुतेक ७० ची.

वाईट भाग असा की ७० चं काडतूस त्यात अलगद बसतं. कारण ७० हे माप उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या नळकांड्याचं. तोंडाला घडी घालून बंद केलेलं नवं काडतूस त्याहून सेंटीमीटरभर आखूडच असतं. बार झाला की घडी उलगडते आणि चेंबर संपून नळी जिथे अरुंद होते तिथेच तोंड जाऊन अडतं. बूच (दारू आणि छर्ऱ्यांमधली चकती) आणि छर्रे त्या चिंचोळ्या जागेतून रेटले जातात, मागे दाब चढतो. छर्ऱ्यांचा वेग काही त्या मानाने वाढत नाही. ताण मात्र जुन्या नळीने सोसायचा.

शेजारच्या काकांनी तोड काढली: काडतूस उघड, थोडी दारू कमी कर, परत बंद कर. मिस्त्रीला सांगितलं तर तो हसलासुद्धा नाही. विनापरवाना काडतुसं भरणं शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये अडकतं, हे एक. दुसरं, दाब नुसत्या दारूच्या वजनावर ठरत नाही. छर्ऱ्यांचं वजन, बूच, दारू पेटवणारी टोपी, घडीचा घट्टपणा, चेंबरची लांबी, सगळं एकमेकांत गुंतलेलं. एक हललं की बाकीचा हिशेब बिघडतो. मग चेंबरच ७० चं करून द्या, म्हटलं. त्यालाही नकार. भिंत पातळ होते आणि नळीची दाबतपासणी नव्याने करावी लागते.

मला ते पटलं. ६५ च्या चेंबरला चालेल असं खोक्यावर छापलेलं काडतूस मिळालं तरच घेईन, असं सांगून आलो. बंदूक कुलपात आहे. रानडुकरांसाठी यंदा बांधाला झटका मशीन लावलंय.