कार्डातला १६ वा सेक्टर

शनिवारी संध्याकाळी वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये छोट्या कॉम्प्युटरचे १२ बोर्ड टेबलावर ओळीने मांडलेले, आणि बाराच्या बारा गप्प. सीरियल केबल लावली, बोर्डाचे संदेश बघायला ११५२०० च्या वेगावर टर्मिनल उघडलं, पॉवर दिली. एक अक्षर उमटेना. वायरिंग करणारे काका डोकावून म्हणाले, "काय गं, सगळे जळले की काय?"

जळलेले नव्हते. एक बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडला, तर लगेच 'फेल' (FEL) मोडमध्ये दिसला, म्हणजे यूएसबीवरून प्रोग्रॅमची वाट बघताना. आमची चिप ऑलविनरची एच३. तिच्या आतला बूट रॉम, म्हणजे चिपमध्येच कोरलेला पहिला प्रोग्रॅम, आधी एसडी कार्डावर एसपीएल (बूटलोडरचा पहिला छोटा तुकडा) शोधतो, मग ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली मेमरी) वगैरे बघतो, आणि कुठेच काही सापडलं नाही की यूएसबीकडे कान लावून बसतो. म्हणजे चिप ठणठणीत होती, तिला कार्डावर काही सापडत नव्हतं. पण कार्ड तर मीच लिहिलं होतं, आणि माझ्या टेबलावरच्या बोर्डावर ते आठवडाभर चालत होतं!

रात्री दांडिया बाजारात घरी आले, जेवण झाल्यावर कार्ड लॅपटॉपला लावलं आणि हेक्सडंप काढला, म्हणजे त्यावरचे बाइट जसेच्या तसे छापून बघितले. एच३ एसपीएल शोधते ते ८ केबीवर, म्हणजे १६ व्या सेक्टरवर (सेक्टर ५१२ बाइटचा, मोजणी शून्यापासून). तिथे चौथ्या बाइटपासून 'ईगॉन' ही खूण दिसायला हवी. दिसली नुसती शून्यं. खाली खाली जात राहिले. बरोबर ९ केबी शून्यं, आणि ३४ व्या सेक्टरपासून एसपीएलचा उरलेला भाग जसाच्या तसा. तो आकडा बघितला आणि सगळं उलगडलं.

मागच्या आठवड्यात मी कार्ड लिहिणारी स्क्रिप्ट बदलली होती. पार्टिशनना, म्हणजे कार्डाच्या भागांना, नावं देता यावीत म्हणून त्यांची यादी ठेवायची जुनी एमबीआर पद्धत सोडून नवी जीपीटी घेतली. जीपीटीचं टेबल ३३ व्या सेक्टरपर्यंत पसरतं, १२८ नोंदींची जागा धरून. रिकाम्या नोंदी म्हणजे शून्यं. स्क्रिप्ट आधी बूटलोडर लिहायची, मग पार्टिशन पाडायची. आपणच लिहिलेलं आपणच पुसत होतो.

मग माझा बोर्ड का चालला? त्याच्यावर ईएमएमसी आहे, आणि तिच्यात गेल्या वर्षीच्या प्रयोगातला जुना यू-बूट (आमचा बूटलोडर, एसपीएलसकट) राहिला होता. कार्डावर एसपीएल नाही म्हटल्यावर रॉमने तो उचलला, आणि त्या यू-बूटने कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मात्र माझ्या कार्डावरून चढवला. लॉगिन दिसलं, मी खूश. जुने लॉग उघडले तर पहिल्याच ओळीत बांधणीची तारीख गेल्या वर्षीची, आणि दुसरीकडे स्वच्छ लिहिलेलं की एमएमसी२ वरून बूट करतोय. कार्डावरून बूट झाला असता तर एमएमसी१ आलं असतं. आठवडाभर रोज ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून जात होती. याची मला अजून रुखरुख आहे, कारण तो माल सोमवारी सावलीच्या एका कारखान्यात जायचा होता.

दुरुस्ती छोटी. एच३ला १२८ केबीवरूनही बूट करता येतं, आणि तिथे जीपीटी पोचत नाही. म्हणून आता आधी पार्टिशन पाडते, पहिलं १ एमबीपासून, आणि सगळ्यात शेवटी डीडी या कॉपी करायच्या कमांडने बूटलोडर: ब्लॉक १ केबीचा, सीक १२८, म्हणजे सुरुवातीचे १२८ ब्लॉक सोडून. मग सिंक (सगळं खरंच कार्डावर उतरावं म्हणून), मग कार्ड काढून परत लावायचं आणि तेवढा भाग वाचून मूळ फाइलशी ताडून बघायचा. काढून लावणं टाळू नका. नाहीतर कार्डाऐवजी लॅपटॉपची मेमरीच उत्तर देते. टेबलावरच्या बोर्डाची ईएमएमसी मी त्याच रात्री पुसली.

सोमवारी सकाळी आठला वर्कशॉप उघडलं. काका स्वतः स्टूल ओढून शेजारी बसले. पहिल्या बोर्डाला पॉवर दिली, आणि त्यांनीच स्क्रीनवर बोट ठेवलं, "एमएमसी... एक. एकच ना गं?"

"एकच, काका. पुढचा द्या."