एकच तळं, तीन दिवस

स्लोव्हेनियाला जायचं ठरलं तेव्हा जो तो ब्लेडच्या तळ्याचंच नाव घेत होता. ब्लेड सुंदर आहेच, वादच नाही. मधोमध बेट, बेटावर चर्च, कड्यावर किल्ला आणि तळ्याला वळसा घालणारी साधारण ६ किलोमीटरची सोपी वाट. आम्ही होडीतून बेटावर गेलो, त्या ९९ पायऱ्या चढलो आणि दुपारी बस पकडून पुढे बोहिंजच्या तळ्याकडे निघालो. ब्लेडला अर्धा दिवस आणि बोहिंजला तीन दिवस असं प्लॅनिंग मी मुद्दाम केलं होतं, कारण आल्प्सला जाऊन आलेले बरेच जण दिवसाला दोन-दोन तळी करतात, फोटो काढतात, पुन्हा गाडीत बसतात, आणि पाण्याला हातही न लावता परत येतात, ते मला बघवत नाही.

सोबत आई होती, वय ६३. पोहायला लहानपणीच शिकलेली, पण डोंगरातल्या गार पाण्यात कधी उतरली नव्हती.

बोहिंज ट्रिग्लाव नॅशनल पार्कमध्ये आहे, समुद्रसपाटीपासून ५२६ मीटरवर, आणि बाराही महिने पाणी असणारं हे स्लोव्हेनियातलं सगळ्यात मोठं तळं. लांबी चारेक किलोमीटर, रुंदी एक किलोमीटरच्या आसपास, खोली ४५ मीटरपर्यंत. हिमनदीने ही दरी कोरली आणि जाता जाता दगडगोट्यांचा बांध टाकून गेली, त्यामागे हे पाणी अडलंय. बस रिबचेव लाझला सोडते, समोरच जुना दगडी पूल आणि त्याला लागून सेंट जॉनचं छोटं चर्च. पुलावर उभं राहून खाली बघितलं तर तळाचे पांढरे गोटे दिसत होते, एकेक मोजावा इतके स्वच्छ, आणि त्यांच्यावरून सरकणाऱ्या माशांच्या सावल्या. आई बराच वेळ कठड्याला टेकून बघत राहिली, मग म्हणाली, "अगं, हे खोल आहे का उथळ, काही कळतच नाही." खरंच कळत नाही. पाणी इतकं नितळ असलं की खोली हमखास कमी वाटते, म्हणून पोहायला उतरताना नजरेवर भरवसा ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी पूर्ण प्रदक्षिणा घातली. १२ किलोमीटरच्या आसपास होतात, आम्हाला थांबत थांबत पाच तास लागले. दक्षिणेच्या काठाने गाडीरस्ता जातो, उत्तरेच्या काठाला मात्र फक्त पायवाट, जंगलातून आणि मध्येच गवताळ माळावरून जाणारी. जायचं असेल तर सकाळी उत्तर बाजूने निघा असं मी सांगेन, शांतता तिकडेच आहे. वाटेत लहान लहान खाचा लागतात जिथे पाच-सहा माणसं बसतील एवढाच गोट्यांचा काठ असतो. तिथे टॉवेल टाकायचा.

आता पोहण्याचं. आईला मी आधीच बजावून ठेवलं होतं की उडी मारायची नाही. थंड पाणी अंगाला एकदम लागलं की आपोआप धाप लागते, श्वास ताब्यात राहत नाही, आणि नेमकं तेव्हाच तोंड पाण्याखाली असलं तर पाणी नाकातोंडात जातं. चांगलं पोहता येणारी माणसंही तिथेच गडबडतात. दोनेक मिनिटांत हे ओसरतं, तेवढा वेळ काढायचा. आधी घोटे, मग गुडघे, मग मनगटं आणि मान भिजवायची, पाणी कमरेपर्यंत आलं की थांबून सावकाश श्वास सोडत राहायचं. आईने अगदी तसंच केलं. पाणी पोटाला लागलं तेव्हा डोळे घट्ट मिटून "आई गं" म्हणाली, आणि मग जी सुटली ती सरळ तीस-चाळीस हात आत. मी काठाला धरून चल म्हणून ओरडतेय आणि ती उताणी पडून डोंगर बघतेय!

एक गंमत तिथे नीट कळली. उन्हाळ्यात वरचा थर उन्हाने तापतो, हलका होतो आणि वरच तरंगत राहतो. आडवं होऊन पोहत असलं तर पाणी छान वाटतं, पण पाय खाली सोडले की पोटऱ्यांना सर्रकन गारठा लागतो, जणू खाली वेगळंच तळं आहे. पश्चिमेला उकान्त्सच्या टोकाला सावित्सा नदी येऊन मिळते, तिकडे तर वरचं पाणीही चांगलंच गार लागलं. आम्ही तिकडे पाच मिनिटांत बाहेर.

तिसऱ्या दिवशी सावित्साचा धबधबा. भरपूर पायऱ्या आहेत, आईचे गुडघे बोलायला लागले, पण ७८ मीटरवरून पडणारं पाणी समोर आल्यावर तक्रार थांबली. तिथून वोगेल डोंगराची केबलकार, जी थेट १५३५ मीटरवर नेते. वरून २८६४ मीटरचं ट्रिग्लाव शिखर दिसलं, पण आमची नजर फिरून फिरून खालीच जात होती. आदल्या दिवशी पाच तास जिच्याभोवती चाललो ती अख्खी निळी पट्टी आता एका नजरेत मावत होती, आणि आई बोट दाखवून विचारत होती की आपण पोहलो ती जागा कुठली, तो वाकलेला झाडाचा बुंधा कुठे. दहा मिनिटं शोधून ती खाच आम्ही सापडवलीच. तळं आधी चालून, पोहून मगच वरून बघायला जावं असं मला तेव्हा फार वाटलं.

निघायच्या दिवशी बस उशिराची होती. आई सहालाच तयार होऊन बसलेली. पाण्यावर धुकं, समोरचा काठ दिसत नव्हता, त्यामुळे आम्ही कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे गेलोच नाही. ती सरळ आत शिरायला निघाली, तरी मी तिला थांबवून मनगटं भिजवायला लावली. ओले कपडे पिशवीत कोंबून बसमध्ये बसलो, ब्लेड मागे गेलं तरी आईचे केस ओलेच होते.