यादीतला किनेस्कोप

न्यू जर्सीतल्या एका अभिलेखागारात मी जुन्या फिल्मची नोंदणी करते. मागच्या महिन्यात एका दिवंगत अभियंत्याच्या घरातून आलेल्या खोक्यांसोबत १९५१ ची हस्तलिखित यादी होती. तीत ‘किनेस्कोप, १० इंच’ अशी एक ओळ होती. सहकाऱ्याने ती रिळाची मापे समजून ‘१६ मिमी फिल्म’ अशी नोंद केली आणि खोके शीतकक्षात पाठवून त्यावर डबे रचले. आमच्या संगणकीय तक्त्यात या शब्दाला ‘टीव्ही कार्यक्रमाची फिल्म’ हा एकच अर्थ आहे, आणि तक्त्यापलीकडे पाहण्याची त्याला सवय नाही.

ॲसिटेट फिल्म खराब होऊ लागली की व्हिनेगरसारखा वास सुटतो, म्हणून खोके उघडताना मी आधी वास घेते. या वेळी वास आला नाही. वर्तमानपत्राच्या बोळ्यांतून दिसला तो काचेचा निमुळता गळा. ती ‘१०बीपी४’ होती, आरसीए या अमेरिकन कंपनीच्या १९४६ च्या ६३०टीएस टीव्ही संचात बसणारी पिक्चर ट्यूब. आतली निर्वात पोकळी अजून शाबूत असावी. तिला तडा गेला असता, तर काचांचे तुकडे खोलीभर उडाले असते.

यादी लिहिणाऱ्याची चूक नव्हती. टीव्हीचे एक आद्य संशोधक व्लादिमिर झ्वोरिकिन यांनी १९२९ मध्ये किनेस्कोप म्हटले ते या नळीलाच. आरसीएने ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले आणि १९५० मध्ये सर्वांसाठी मोकळे केले. रशियन भाषेत आजही किनेस्कोप म्हणजे पिक्चर ट्यूबच. अमेरिकेत मात्र १९४७ च्या सुमारास नळीवरचे थेट प्रक्षेपण फिल्मवर टिपू लागले, त्याला ‘किनेस्कोप रेकॉर्डिंग’ म्हणत, आणि पुढे ‘रेकॉर्डिंग’ गळून पडले. सेकंदाला ६० क्षेत्रे (एकाआड एक रेषांची अर्धी चित्रे) दाखवणारे टीव्हीचे चित्र फिल्मच्या २४ चौकटींत बसवण्यासाठी कॅमेऱ्याची झडप (शटर) दर चौकटीमागे १/१२० सेकंद बंद राही, म्हणजे अर्धे क्षेत्र टाकून दिले जाई. ही जुळणी किंचित चुकली, तरी चित्रात आडवा पट्टा दिसतो. तो पट्टा आणि क्रमवीक्षण रेषा (टीव्हीचे चित्र ज्यांनी बनते त्या आडव्या रेषा) पाहून मी खरा किनेस्कोप ओळखते. १९५६ मध्ये व्हिडिओ टेप आली आणि ही पद्धत हळूहळू मागे पडली.

नळी आता वेगळ्या पेटीत, जाड आवरणात आहे. यादीतली शेवटची ओळ मात्र तशीच राहिली आहे: ‘किनेस्कोप, खराब’. माप नाही, कार्यक्रमाचे नाव नाही, आणि अशी वस्तू एकाही खोक्यात सापडली नाही. जळकी नळी असेल, तर तिला फेकून दिल्याचे दुःख नाही. फिल्म असेल, तर १९५१ पूर्वीच्या कुठल्या तरी कार्यक्रमाची ती बहुधा एकमेव प्रत होती. नोंदीचा तो रकाना मी अजून भरलेला नाही.