ओढ्यावर गार्डन

आज ग्रामसभेत आमच्या शिवारात होऊ घातलेल्या कॉलनीचा रंगीत नकाशा बघितला. रो-हाऊस, क्लब हाऊस, जॉगिंग ट्रॅक. (चहाही बिल्डरचाच. चांगला होता.) नकाशात गार्डन म्हणून जो हिरवा पट्टा दाखवलाय, तो आमचा ओढा. माळावरचं सगळं पाणी तिथूनच उतरतं. तो बुजवला की पाणी खालच्या वस्तीत शिरणार, हे कळायला इंजिनिअर कशाला लागतो?

पाण्याचं विचारलं तर म्हणे बोअर मारू. अहो, शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून पाणी आणूनही सोलापुरात नळ रोज येत नाही. आमच्या बोअरला तर एप्रिलपासून नुसती हवा. शेजारच्या काकू उठल्या, "सांडपाणी कुठं सोडणार ते सांगा की ओ आधी." साहेब नकाशा गुंडाळायला लागले.

घरं नकोत असं नाही. गावातल्या पोरांनाही वेगळं बिऱ्हाड थाटायला जागा लागते, पण त्यांना परवडेल असा एक प्लॉट त्यात नाही.

विषय पुढच्या सभेत परत येणार आहे. पुण्या-मुंबईत असलेल्यांनो, मतदार यादीत नाव अजून गावातच असेल तर एक दिवस रजा टाका.